पोर पनागरचं, सबब दिल्लीची

जबलपूरहून कटनीच्या वाटेवर पनागर लागतं. तिथला पोरगा फौजेत गेला की त्याच्या मनात काय चालतं, हे दिल्लीतल्या वकिलांना पक्कं ठाऊक होतं. स्त्री अधिकाऱ्यांना कमांड का द्यायची नाही, याचं एक कारण केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात असं दिलं, की जवान बहुतेक खेड्यापाड्यांतले. बाईचा हुकूम मानायला त्यांचं मन अजून तयार नाही. म्हणजे साहेबांची काहीच हरकत नव्हती हो, आडवा येत होता तो पनागरचा गडी!

या गड्याच्या जिल्ह्यातलं विद्यापीठ राणी दुर्गावतीच्या नावाचं. या बाईने १५६४ साली इथेच, नर्रई नाल्यापाशी, हत्तीवरून आसफखानाच्या मोगल फौजेला तोंड दिलं आणि बाणांनी घायाळ झाल्यावर शत्रूच्या हाती लागण्यापेक्षा कट्यारीने स्वतःचा जीव दिला. तिचे गोंड सैनिक काही शहरांत वाढलेले नव्हते. त्यांची मनं तयार आहेत का, असं कुणी विचारल्याची नोंद नाही.

आजूबाजूच्या गावांतही बाई सरपंच नवी नाही. मध्य प्रदेशात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. आता खुर्चीत पुष्कळदा सरपंचपतीच ठाण मांडतो, हे खरं. फौजेचा हा गुण मात्र मानला पाहिजे: तिथे कर्नलपतीला खुर्ची नाही.

१७ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने ती सबब फेटाळली. २०२३ साली बायका कर्नल होऊन युनिटं सांभाळू लागल्या, तोफखान्याचं दारही त्याच वर्षी उघडलं. जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत बनणाऱ्या 'धनुष' तोफेने हुकूम देणारी बाई आहे म्हणून तोंड फिरवल्याचं ऐकिवात नाही. पायदळ आणि रणगाडे अजून बंदच.

मग २०२४च्या ऑक्टोबरात तक्रार आली. पनागरच्या पोराची नव्हे, लेफ्टनंट जनरलची. सतराव्या कोअरच्या कमांडरने वरिष्ठांना लांबलचक पत्र लिहिलं: स्त्री कमांडिंग ऑफिसरांत अहंकार फार, तक्रारी फार, समजूतदारपणा कमी. नमुना केवढा, तर आठ जणींचा. एकीवर ठपका असा, की आपल्या गाडीचं दार सुभेदार मेजरनेच उघडावं हा तिचा हट्ट. पुरुष कर्नलसाहेब तर आजवर स्वतः धावत जाऊन सुभेदार मेजरच्याच गाडीचं दार उघडत आले असणार.