एका वेळी एकच

दसरा झाला की बीड जिल्ह्यातला ऊसतोडीचा कोयता पश्चिम महाराष्ट्राकडं, कर्नाटकाकडं निघतो. त्याच सुमाराला अण्णा कारखान्यात मुक्कामी येतात. तेलगाव असो, गढी असो, परळीजवळचं पांगरी असो. साखर कारखाना म्हटला की तिथं एक अण्णा असायचेच. हुद्दा इन्स्ट्रुमेंट विभागातला, पगार बेताचा, रुबाब चीफ इंजिनिअरचा. वरच्या खिशात टेस्टर आणि पाकिटात वैद्यनाथाच्या फोटोमागं 120 ओहमचे दोन रेझिस्टन्स.

पीएलसी म्हणजे कारखाना चालवणारा कंट्रोलर. त्याच्यापुढं बाकीच्या यंत्रांना बोलतं करणं, हे अण्णांचं काम. बॉयलरचा फ्लोमीटर, केन कॅरिअरचा ड्राइव्ह, विजेचं मीटर. कंपन्या वेगळ्या, पण सगळी एकाच आरएस-485 लाइनीवर, आणि भाषा मॉडबस. ‘‘1979ची भाषा हाय, मॉडिकॉन कंपनीची,’’ अण्णा ट्रेनी पोरांना सांगतात. ‘‘नेम एकच. मास्टर, म्हंजी पीएलसी, विचारणार, ज्याचा नंबर पुकारला त्यानंच बोलायचं. बाकीच्यांनी गप. दोघं एकदम बोलले की दोघांचंबी वाया!’’ गप्प बसण्याचं हे महत्त्व ते तासभर सांगतात. मध्ये कुणाला बोलू देत नाहीत.

ऐन गळितात रात्री फोन येतो. ‘‘अण्णा, मीटर बोलंना झालंय!’’ अण्णा मफलर गुंडाळून हजर. आधी चहा, मग चौकशी.

‘‘कुणी हात लावला?’’

‘‘कुणीच नाही.’’

‘‘मग लाइनीच्या ए-बी तारा उलट्या काय उंदरानं केल्या?’’

कारण एका कंपनीचा ए तो दुसऱ्या कंपनीचा बी, हे त्यांना तोंडपाठ. तारा सरळ निघाल्या, तर लाइन बंद करून ए आणि बीमध्ये मल्टिमीटर. साठच्या आसपास ओहम आले की दोन्ही टोकांचे रेझिस्टन्स जागेवर. एकशेवीस आले की एक टोक उघडं. मग पाकीट निघतं आणि वैद्यनाथाला बाजूला सरकावं लागतं.

खरी मजा रजिस्टरची, म्हणजे यंत्रातल्या आकड्यांच्या खणांची. पुस्तकात 40001 छापलेलं असतं, तारेवरून मात्र शून्य जातं. नवखा पोरगा तिथं एकानं चुकतो आणि दाबाच्या जागी शेजारचं तापमान वाचत बसतो. एकदा दोन रजिस्टरांचा क्रम उलटा लागला आणि साखर शिजवायच्या पॅनचं तापमान स्क्रीनवर अब्जांत गेलं. पोरगं पळायच्या तयारीत. अण्णांनी खिडकीतून बाहेर बघितलं. ‘‘पॅन जाग्यावर हाय ना? मग आकडा उलटा हाय. बस खाली.’’

घरीही मॉडबसच. वहिनींनी ‘अहो’ म्हणून हाक मारली, तर अण्णा ढिम्म. का, तर ‘अहो’ला नंबर नाही. ‘‘शून्य नंबरला पुकारलं की सगळ्यांनी ऐकायचं, उत्तर कुणीच द्यायचं नाही. कायदाच हाय तसा.’’ वहिनींनी हा कायदा वर्षानुवर्षं मुकाट ऐकला. एका रात्री मात्र जेवायला तीनदा हाक मारली आणि ताट उचलून आत नेलं. ‘‘तीनदा विचारून उत्तर आलं नाही की यंत्र बंद समजून पुढं जायचं, हे तुमचंच ना?’’ अण्णांनी त्या रात्री कॅन्टीनचे पोहे खाल्ले. पण वहिनींना प्रोटोकॉल समजला, याचा आनंद पोरांना दोन दिवस ऐकावा लागला.

कारखान्याची वार्षिक सभा असली की अण्णा मागच्या खुर्चीवर बसतात. यंदा अहवाल वाचायला सुरुवात झाली, तसा डावीकडून एक गट उठला, उजवीकडून दुसरा. भाव, काटा, थकबाकी, सगळं एकदम. माइकवाला दोघांकडे आळीपाळीनं धावत होता. शेजारच्या सभासदानं अण्णांना विचारलं, ‘‘काय चाललंय, काही कळतंय का?’’

‘‘वायरिंग बरोबर हाय,’’ अण्णा म्हणाले. ‘‘स्पीडबी सगळ्यांचा सारखाच हाय. फक्त एका लाइनीवर दोन मास्टर झालेत. माझ्याकडं असला रेझिस्टन्स नाही.’’