नागपूर दीड तास, घाटकोपर वेगळं

मुंबई ते नागपूर हवाई अंतर सुमारे 685 किलोमीटर, वेळ दीड तास, असं कोणताही तक्ता छातीठोकपणे सांगतो. तक्ता खोटं बोलत नाही. विमान जागेवरून मागे ढकललं जातं तिथपासून नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरून थांबेपर्यंतचा वेळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीच्या रांगेत ताटकळणंसुद्धा. फक्त प्रवासी विमानतळावरच राहायला असतो, असं तक्त्यानं परस्पर ठरवून टाकलेलं असतं. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या गृहीतकात बसत नाहीत. खरी गंमत नकाशावर आहे. दोन्ही विमानतळ पट्टीनं जोडून पाहा. रेघ अंबरनाथ-बदलापूरच्या जवळजवळ डोक्यावरून जाते, अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिराच्या जवळून. म्हणजे बदलापूरकर नागपूरला निघतो तो नागपूरकडे पाठ करून. आधी 40 किलोमीटर पश्चिमेला जायचं, बहुतेक वेळा समुद्राकडे तोंड करून उडायचं आणि मग रीतसर पैसे मोजून आपल्याच गच्चीवरून परत यायचं.

वेगात आलेलं विमान हे 40 किलोमीटर तीन-चार मिनिटांत कापतं. जमिनीवर त्यासाठी घाटकोपरपर्यंत तासभर लोकल, मग मेट्रो, मग रिक्षा. त्यात सोबत चाकांची बॅग. सकाळच्या फास्टमध्ये ही बॅग बदलापूरला रॅकवर चढते, अंबरनाथला मांडीवर येते आणि उल्हासनगरला तिच्यावर कोणीतरी बसलेलं असतं. घरापासून अडीच तास, विमानतळावर दोन तास आधी हजेरी आणि वरचे दीड तास मिळून झाले सहा. 685 भागिले सहा, म्हणजे ताशी 115 किलोमीटरसुद्धा नाही. समृद्धी महामार्गावर मोटारीला 120ची परवानगी आहे.

टॅक्सी करा, असं कोणी म्हणेल. त्यानं एकदा शीळफाट्याला संध्याकाळी सात वाजता उभं राहावं. तिथे विमानाचे पायलटसुद्धा हॉर्न वाजवतील. नवी मुंबईचं विमानतळ झालं की, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. 25 डिसेंबर 2025 पासून तिथून विमानं उडू लागली आणि बदलापूरहून ते सरळ रेषेत जेमतेम 26 किलोमीटर. पण सरळ रेषेत कावळा जातो. माणसाच्या वाटेत मलंगगड, चंदेरी आणि माथेरानचे डोंगर आहेत. बडोदा-मुंबई महामार्गासाठी त्या डोंगरात बोगदा खणला आहे, तो पुरता वापरात आला की हा लेख मागे घेऊ. लोकलनं जाणाऱ्याला मात्र तोवर ठाण्याला वळसा घालूनच पनवेलची बाजू गाठायची आहे.

उरला शेवटचा मुद्दा, की रेल्वेपेक्षा विमान केव्हाही बरंच. दुबईला जायचं असेल तर प्रश्नच नाही. उल्हासनगरचा व्यापारी समुद्रावर रूळ टाकून बसणार नाही. नागपूरचं तसं नाही. विदर्भ एक्सप्रेस कल्याणला थांबते, रात्री झोपलात की सकाळी नागपूर, आणि त्या झोपेचे तास कोणी प्रवासात मोजत नाही. तरीही विमानानंच जायचं असेल आणि दिवस रविवार असेल, तर तिकीट काढण्याआधी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक कुठे आहे ते बघा.