वतनदार रुग्ण

वर्षाचे बाराही महिने इस्पितळे उघडी असतात आणि कोणत्या तिथीस आजारी पडावे याविषयी धर्मशास्त्राची आडकाठी नाही. तरीही पुण्याच्या पेठांतून गृहस्थांचा एक असा वर्ग नांदतो, की ज्याचे पित्ताशय नेमके नवरात्रात बंड करून उठते, कोजागिरीच्या सुमारास ते कापून काढण्यात येते, आणि वसुबारसेच्या तिन्हीसांजेला, दारात पहिली पणती लागत असताना, हे गृहस्थ पोटाला पट्टा, कानाला मफलर आणि मुद्रेवर यमाशी समक्ष बोलणी करून आल्याचा भाव धारण करून गाडीतून उतरतात. जाताना ते चारचौघांसारखे हेडक्लार्क असतात; परतताना वतनदार होऊन येतात.

त्यांचा पलंग माजघरातून दिवाणखान्यात, थेट दारासमोर हलविला जातो, कारण येणाराजाणारा नजरेच्या टप्प्यात असल्याखेरीज जखम भरत नाही अशी त्यांची श्रद्धा असते. पहिले फर्मान सुटते ते फटाक्यांविरुद्ध. लक्ष्मीतोटे गल्लीच्या टोकापलीकडे, फुलबाज्यांना मात्र माफी. नरकचतुर्दशीच्या पहाटे टाके ओले होऊ नयेत म्हणून त्यांना अभ्यंगस्नान वर्ज्य असते. पण उटणे कोणी कमी लावले आणि कारीट कोणी डाव्या अंगठ्याने फोडले नाही, याची तपासणी ते पडल्यापडल्या करतात. इस्पितळात डबे पोचवून त्याच हातांनी अनारसे तळणाऱ्या गृहिणीला विश्रांती घ्या असे कोणत्याही डॉक्टरने सांगितलेले नसते, हे जाता जाता नमूद करून ठेवतो.

खरा दरबार भरतो तो पाडव्याला. फराळ आणि समाचार ही दोन्ही कर्तव्ये एकाच खेपेत उरकत असल्याने मंडळी लोटतात, आणि चिवड्याची बशी पाहुण्याच्या हाती पडते न पडते तोच उशाखालून एक लहानशी काचेची बाटली निघते. तीत पित्ताशयातून निघालेले, हरभऱ्याच्या डाळीएवढे, पिवळट-काळपट खडे असतात. गृहस्थ बाटली कानाजवळ नेऊन वाजवून दाखवतात, मग उजेडाकडे धरतात आणि विचारतात, "मोजा पाहू!" पाहुणा शेंगदाणा तोंडात टाकण्याच्या बेतात असतो, तो तसाच बशीत परत ठेवतो.

त्यानंतर शास्त्रार्थ. पित्त यकृतात तयार होते, पित्ताशय ही त्याची केवळ कोठी, कोठीच गेल्यामुळे आता ते परस्पर आतड्यात झिरपणार, आणि म्हणून काही काळ तळलेल्याला हात लावायचा नाही, हे विवरण इतक्या अधिकारवाणीने होते की सर्जनानेही टिपण करून घ्यावे. वस्तुतः बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ सालीच हे इंद्रिय यशस्वीरीत्या काढून दाखविले होते. आमच्या गृहस्थांचे निरूपण ऐकणाऱ्याचा मात्र असा ग्रह होतो की मधल्या काळात तसे धाडस दुसऱ्या कोणास झाले नाही. एखादा वयोवृद्ध पाहुणा आठवण काढतो, की १९२४ च्या जानेवारीत गांधीजींचे आंत्रपुच्छ याच शहरात, ससूनमध्ये, कर्नल मॅडॉक यांनी कापले, आणि ऐन वेळी वीज गेल्यामुळे शेवट कंदिलाच्या उजेडात करावा लागला. यावर गृहस्थ क्षणभर मौन पाळतात आणि क्षमाशील स्वरात म्हणतात, "हो, पण ते नुसते आंत्रपुच्छ. इथे अख्खे पित्ताशय होते!"

या दरबारात गनीम एकच: ज्याचे स्वतःचे पोट कापलेले आहे तो. "अण्णा, माझा मुतखडा याच्या दुप्पट होता," असे तो करंजी मोडता मोडता सहज बोलून जातो, आणि अण्णांच्या टाक्यांतून तत्काळ कळ निघते. "अहो, पडदा ओढा. डोळ्यांवर तिरीप येते," असा हुकूम सुटला की बैठक बरखास्त झाली असे समजावे.

रात्री, सामसूम झाल्यावर, स्वयंपाकघरातून डब्याच्या झाकणाचा दबका आवाज येतो. सकाळी चकल्यांत आलेली तूट मुलांच्या नावे खर्ची पडते, आणि गृहस्थ साबुदाण्याची पातळ पेज पिताना मुलांना संयमाचे महत्त्व समजावून देतात.

परंतु कोणतेही वतन यावच्चंद्रदिवाकरौ चालत नाही. भाऊबीजेस बहिणींनी पलंगाशीच ओवाळल्यावर ओहोटी लागते. समाचाराचे नारळ थांबतात, पलंग माजघरात परत जातो, आणि तुळशीच्या लग्नाच्या दिवशी गृहिणी शांतपणे पिशवी हाती देऊन मंडईतून ऊस, चिंचा आणि आवळे आणावयास फर्मावते. वतन खालसा होते ते याच घटकेस. मंडईतही ओळखीचे कोणी भेटल्यास सदऱ्याच्या खिशातून बाटली निघते, हा भाग वेगळा.

वाचकांपैकी कोणास येत्या दिवाळीत अशा घरी जाण्याचा प्रसंग आल्यास त्यांनी प्रथम चिवडा संपवावा, मग बाटली हाती घ्यावी, खडे मोजून आकडा मोठ्याने उच्चारावा, आणि स्वतःच्या पोटावर व्रण असल्यास त्याची वाच्यता कृपा करून करू नये.