डागकाकू

डागकाकू टिटवाळ्यात बहुधा इमारतीमागे एक या हिशेबाने आढळतात. वय पन्नाशीपुढचे, घर शक्यतो तळमजल्यावर, दार दिवसभर अर्धे उघडे. कपड्यावरचा मेकअपचा डाग काढून देणे हे त्यांचे जाहीर काम. तो डाग लागला कसा, हे काढून घेणे हे खरे काम.

या गावात त्यांना कामाचा तुटवडा पडत नाही. त्याचे एक कारण मध्य रेल्वे. मुंबईला पोचायला दीड तास मोडतो, त्यामुळे घरी चेहऱ्यासाठी वेळ उरत नाही आणि लिपस्टिक आंबिवली ते शहाडच्या दरम्यान लागते. कल्याणला गर्दी आत घुसली की कोपर हलवायचीही सोय नसते, म्हणून हात घाईत चालतो आणि गाडीने गचका दिला की रंग शेजारणीच्या कुर्त्यावर जातो. दुसरे कारण महागणपती. लग्न जुळावे म्हणून इथे दुरून माणसे येतात. लग्न जुळले की विहिणी गळाभेट घेतात, आणि एकीचा निम्मा गाल दुसरीच्या खांद्यावर राहतो.

कपडा हातात आला की काकू तो खिडकीशी नेतात, वास घेतात आणि विचारतात, "पाणी लावलंस का गं?" उत्तर ठरलेले असते: "थोडंसंच." यावर काकू काही बोलत नाहीत, पण ते न बोलणे चांगले दोन मिनिटे चालते. त्यांचा राग सकारण आहे. लिपस्टिक म्हणजे मेण, तेल आणि रंग. नुसत्या पाण्याने मेण हलत नाही, गरम पाण्याने मात्र वितळून धाग्यात शिरते, आणि चोळले तर सव्वापट जागा व्यापते.

म्हणून काकू आधी चमच्याच्या कडेने वरचा थर खरवडतात. मग कापड उलटे करून जुन्या पंच्यावर ठेवतात, मागच्या बाजूने भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब सोडतात आणि बोटाने दाबत राहतात. दहा मिनिटांनी गार पाणी. तेलकटपणा गेल्यावर मागे राहिलेला रंग सॅनिटायझरच्या बोळ्याने, कडेकडून मध्याकडे टिपतात. २०२० साली घेतलेला पाच लिटरचा कॅन त्यांच्याकडे अजून संपलेला नाही. आतल्या शिवणीवर थेंब टाकून कापडाचा रंग जात नाही ना हे आधी पाहतात आणि गॅस बंद करायला सांगतात, कारण ते स्पिरिट आहे.

फाउंडेशनलाही हेच लिक्विड. कॉम्पॅक्ट नुसता झटकायचा. ओला हात लावणारीला काकू पुढच्या वेळी चहा विचारत नाहीत. काजळ अवघड, कारण त्यातला कार्बन कशातच विरघळत नाही. त्याला धरून ठेवणारे तेल काढले तरच तो पाण्याबरोबर वाहून जातो. हळदीचा डाग साबण लागताच लालभडक होतो. गिऱ्हाईक किंचाळते. साबणातल्या क्षारामुळे हळद रंग बदलते, धुऊन कडक उन्हात घातली की हळूहळू उडते, हे काकूंना पक्के ठाऊक असते; तरी ते आधी सांगत नाहीत. किंकाळी ऐकायला मिळावी म्हणूनच, असा शेजाऱ्यांचा संशय आहे.

पुरुषाच्या कॉलरवरची लिपस्टिक हा वेगळा विषय. "लोकलच्या गर्दीत लागली असेल," असा खुलासा येतो. बायकांचा डबा वेगळा असतो, हे काकूंना कोणी सांगावे लागत नाही. डाग त्या संध्याकाळपर्यंत साफ काढतात. त्याच संध्याकाळी तो सी विंगला समजलेला असतो.

पैसे काकू घेत नाहीत. अंगारकीला कोणी रांगेत उभे राहून प्रसाद आणून दिला तर नाकारत नाहीत.

नेलपॉलिशपुढे मात्र त्या हात टेकतात: रिमूव्हरमधल्या अ‍ॅसिटोनने अ‍ॅसिटेटचे कापडच विरघळते, मग डागासाठी जागाच उरत नाही. शालू आणि पैठणीलाही त्या हात लावत नाहीत. तसा डाग असेल तर त्यावर इस्त्री फिरवू नये, उष्णतेने तो पक्का बसतो. कपडा सरळ ड्रायक्लीनिंगला द्यावा, आणि डाग कशाचा हे निदान तिथे तरी खरे सांगावे.