मुख्यालयी वास्तव्य

नांदेडात गोदावरीच्या उत्तर तीरावर, वजिराबादेत, बिऱ्हाड आणि दक्षिण तीरावर विष्णुपुरीत चाकरी असा द्वैतवाद पत्करलेले आमचे एक स्नेही प्रत्यही सकाळी पूल ओलांडताना स्थलांतराचा संकल्प सोडतात आणि सायंकाळी परतताना तो बिनतक्रार तहकूब करतात. विष्णुपुरीत १९८१ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थांच्या नावे विद्यापीठ स्थापन झाले, पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही शहर सोडून तेथे गेले; परंतु संस्थांना सासुरवाडी नसते, मुलांच्या शिकवण्या नसतात, आणि ‘तिकडे भाजी ताजी मिळते का’ असे त्यांना कोणी विचारीत नाही.

तरीही इतका मनःपूर्वक विचार करणाऱ्या गृहस्थाविषयी आदरच वाटावा. कारण खेड्यापाड्यांत कामाच्या जागी राहण्याचा हा प्रश्न केव्हाच निकाली निघाला आहे. मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहील त्याच कर्मचाऱ्यास घरभाडे भत्ता, असा दंडक घालून ग्रामविकास खात्याने २०१९ साली त्याच्या पुष्ट्यर्थ ग्रामसभेचा ठराव मागितला. आणि तेव्हापासून कित्येक कर्मचारी दप्तरात, सरपंचांच्या सहीशिक्क्यानिशी, गावी सहकुटुंब नांदतात व देहाने तेवढे तालुक्याहून अपडाउन करतात. कामाजवळ राहण्याची याहून किफायतशीर तजवीज इहलोकी संभवत नाही.

आमचे स्नेही मात्र भाबडे. त्यांनी विद्यापीठाच्या बाजूस खरोखरच दोन खोल्या पाहून ठेविल्या आहेत; बयाण्याचे बोलणे दिवाळीनंतर.