दहा लाखांचे भांडण

गाडीत बसून नवरा-बायकोने रस्त्यावरून भांडावे, मागे पोरांनी एकमेकांना कोपराने ढोसावे, यासाठी अमेरिकेत एकदा बक्षीस लावले होते. दहा लाख डॉलर! २००५ साली सीबीएस वाहिनीने ‘द अमेझिंग रेस’चा आठवा मोसम खास कुटुंबांसाठी काढला. चौघाचौघांची दहा कुटुंबे. एरवी ही स्पर्धा जगभर पळवते. पण त्या वेळी सोबत लेकरे, म्हणून जगच आवरते घेतले. पनामा आणि कोस्टा रिका सोडले, तर बाकी सगळे अमेरिका नि कॅनडातच. त्यामुळे जगप्रवास पाहायला बसलेल्यांना दिसले काय, तर हायवे. आणि चुकलेले वळण.

पेनसिल्वेनियात एका कामात घोडागाडी दिली, घोडा मात्र नाही. घरच्यांनीच ती ओढायची. संसाराचे इतके नेमके चित्र टीव्हीवर क्वचितच आले असेल. शेवटी तर कहर! ज्या खंडात दिवसचे दिवस गाड्या हाकल्या, त्याच उत्तर अमेरिकेच्या नकाशाचे तुकडे जुळवायला बसवले.

(आमच्याकडे हा खेळ दर मे महिन्यात खंबाटकी घाटात रंगतो. बक्षीस नाही, कॅमेरा नाही, आणि बाद होण्याची सोयही नाही.)

जिंकले कोण? तीन भाऊ आणि त्यांची एक बहीण. म्हणजे गाडीत ना आई, ना बाबा. पुढच्या मोसमात वाहिनीने मुकाट्याने पुन्हा दोघादोघांच्या जोड्या घेतल्या.