चालायची गाणी, थांबायची गाणी

आमच्या शिरपूर जैनला एखादा वाद लवकर मिटला तर लोकांना चुकल्या-चुकल्यासारखं होतं. वाशिम जिल्ह्यातलं, मालेगाव तालुक्यातलं हे गाव. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे देशभरातले जैन भाविक गावाला ओळखतात आणि मंदिराच्या खटल्यामुळे वकीलही ओळखतात. दिगंबर आणि श्वेतांबर मंडळींनी १९०५ साली पूजेच्या वेळा वाटून घेतल्या होत्या. तरी प्रकरण पुढे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं, १९२९ साली तिथला निकाल लागला, आणि एवढं होऊनही १९८१ साली जे कुलूप पडलं ते निघायला २०२३ चा मार्च उजाडला. असल्या गावात वाढलेल्या माणसाला कुठलाही मतभेद याच जन्मी संपावा अशी घाई नसते.

मला ज्या वादाबद्दल सांगायचंय तो त्या मानाने कालपरवाचा. माझ्या कृषी केंद्राला लागून सलून आहे, आणि तिथे जे वाजतं ते भिंतीतून मला ऐकू येतंच. त्यामुळे मी या खटल्यातला नाइलाजाचा साक्षीदार. मुद्दा एवढाच, की संगीतकार अजय-अतुल आधीचे थोर की नंतरचे.

वादी पक्ष म्हणजे मास्तर. पन्नाशीकडे झुकलेले, आणि दिवसाआड दाढीला सलूनमध्येच येणार. घरी आरसा आहे, पण श्रोते नाहीत. २००१ साली अजय-अतुल या गोगावले बंधूंचं ‘विश्वविनायक’ आलं तेव्हा मास्तर डी.एड. करत होते आणि ती कॅसेट पंचक्रोशीत त्यांनी सगळ्यांच्या आधी ऐकली, असा त्यांचा दावा आहे. त्यात गायलेत एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि शंकर महादेवन. पण मास्तर सांगायला लागले की ध्वनिमुद्रणाच्या वेळी तिथे तिसरे हेच उभे होते की काय, अशी शंका येते. मग ‘सावरखेड एक गाव’ आणि ‘अगं बाई अरेच्चा’, दोन्ही २००४ चे. मग २००९ चा ‘जोगवा’. त्याच्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हरिहरन आणि श्रेया घोषाल यांनाही मिळाला. मास्तरांनी त्या दिवशी पेढे वाटले आणि मग आठवडाभर सुतकात असल्यासारखे हिंडले. विचारलं तर म्हणाले, “आता साऱ्या देशाले समजलं. आपल्यापाशी काय राह्यलं?”

प्रतिवादी माझा पुतण्या. दहावीची परीक्षा देऊन मोकळा झाला आणि २९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ लागला. वाशिमला जाऊन त्याने तो किती वेळा पाहिला, हे त्याच्या आईला अजून कळलेलं नाही. त्याचं म्हणणं सरळ आहे: गाणं केवढं मोठं, ते किती माणसं नाचली यावरून ठरतं. त्यातून ‘सैराट’चा वाद्यवृंद हॉलिवूडला सोनीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला. हा मुद्दा तो शेवटी काढतो, हुकमाचं पान टाकावं तसा.

मास्तर पान बघतात आणि म्हणतात, “इतक्या दूर जाऊन व्हायोलिनं आणली लेका, मंग ढोलकी कुठी गेली?”

“सर, ढोलकी हाय. तुमच्या मोबाइलच्या स्पीकरमंधून निघत नाही, त्याले अजय-अतुल काय करतीन?”

मास्तरांच्या कानाबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्यांच्याकडे जुना टेपरेकॉर्डर होता. त्यातल्या मोटारीचा रबरी पट्टा सैल झालेला, त्यामुळे प्रत्येक गाणं जरा जड पावलानं चालायचं. ‘मल्हारवारी’ मास्तरांनी वर्षानुवर्षं त्याच चालीत ऐकलं, त्याच चालीत गॅदरिंगला पोरांकडून बसवून घेतलं. नवस फेडायला निघालेली माणसं उन्हातान्हात चढण चढताहेत असा त्याचा वेग. पुढे मोबाइल आला, पुतण्याने तेच गाणं लावून दिलं आणि मास्तर ताडकन खुर्चीतून उठले. अर्धा गाल साबणाचा. “पायलं? पायलं? चाल पळवून टाकली! नव्या लोकायच्या नादानं जुनं गाणं नासवलं.” सलूनवाल्याने वस्तरा वर धरला म्हणून निभावलं. पट्ट्याचं त्यांना नंतर समजावून सांगितलं गेलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, सैल पट्ट्यावरचंच खरं होतं.

या माणसाशी कागदपत्रं घेऊन भांडता येत नाही, पण पुतण्याला ते अजून उमगलेलं नाही. तो पुरावे गोळा करत असतो. अजय-अतुल पैशापायी हिंदीत गेले, ‘कोंबडी पळाली’ची ‘चिकनी चमेली’ केली, ही मास्तरांची ठेवणीतली तक्रार. २००६ च्या ‘जत्रा’तली चाल २०१२ च्या ‘अग्निपथ’मध्ये गेली, हे खरंच. तर पुतण्याने शोधून काढलं की ‘गायब’ नावाच्या हिंदी सिनेमाचं संगीत त्यांनी २००४ सालीच केलं होतं, म्हणजे ज्या वर्षाच्या नावानं मास्तर गळा काढतात त्याच वर्षी. शिवाय भला थोरला वाद्यमेळ तर ‘विश्वविनायक’पासूनच आहे, तो काही अमेरिकेत जाऊन लागलेला नाद नव्हे. यावर मास्तरांनी गाल फुगवला, सलूनवाल्याला म्हणाले, “इकडून उलटा मार,” आणि तो विषय त्या दिवसापुरता बंद झाला.

सलूनवाला स्वतः कुठल्याच बाजूचा नाही. तो आनंद शिंद्यांचा माणूस. ‘कोंबडी पळाली’ वैशाली सामंत यांच्यासोबत आनंद शिंदे गायले, म्हणून तेवढ्या एका गाण्यापुरते त्याला अजय-अतुल मान्य आहेत. बाकीच्यांत शिंदे नाहीत, मग त्यात ऐकायचं काय, असं तो विचारतो. या प्रश्नाला दोन्ही पक्षांकडे उत्तर नाही.

खरी मारामारी सुरू होते ‘नटरंग’वर. १ जानेवारी २०१० ला आलेला सिनेमा. ‘खेळ मांडला’, ‘अप्सरा आली’, ‘वाजले की बारा’: एवढी दौलत मध्येच पडलेली, आणि ती कुणाच्या शिवारात येते हे ठरत नाही. मास्तर म्हणतात, जुन्यातलं शेवटचं. पुतण्या म्हणतो, नव्यातलं पहिलं. मोजणी आणायची तर भूमी अभिलेखवाले याला येणार नाहीत.

त्यातच मध्यंतरी एक अकरावीतलं पोरगं केस कापायला आलं. दोघांचं ऐकून घेतलं आणि निरागसपणे म्हणालं, “मले तर जुनेच आवडतात. ‘सैराट’वाले. ‘वेड’पासून बिघडलं सारं.” पुतण्या चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी जुना झाला. त्याचा चेहरा पाहून मास्तरांनी त्या पोराचे कटिंगचे पैसे दिले.

मला यात नवल वाटत नाही, कारण माझा धंदाच असा आहे. जेएस ३३५ हे सोयाबीनचं वाण १९९४ चं. त्यानंतर विद्यापीठांनी किती वाणं काढली, रोगाला दाद न देणारी, उताऱ्याला सरस. मी पिशव्या समोर मांडतो, माहितीपत्रकं वाचून दाखवतो. शेतकरी सगळं ऐकून घेतो आणि विचारतो, “तीनशे पस्तीस हाय का?” का, तर त्याचं लग्न झालं त्या साली ते बारा पोती झालं होतं. त्या साली पाऊस वेळेवर पडला होता, रान नवं होतं आणि खोडमाशी बेतात होती, हे त्याच्या हिशेबात नाही. श्रेय सगळं बियाण्याला.

आणि आमच्या गावाची तर मातीच अशी. जुनी माणसं सांगतात, एके काळी पार्श्वनाथाच्या अधांतरी मूर्तीखालून घोडेस्वार निघून जाई. आता कापड सरकेल एवढंच अंतर उरलंय. लहानपणापासून हे ऐकत आलोय. जिथे देवसुद्धा आधी जास्त उंचावर होता, तिथे संगीतकारांची काय कथा!

पुतण्या पुण्याला शिकायला गेला तेव्हा त्याच्या खोलीत मेटालिका नावाच्या इंग्रजी बँडचे भक्त निघाले. त्यांचेही दोन तट. एकाचं म्हणणं, १९८३ ते १९८८ या काळातले पहिले चार अल्बम तेवढे खरे; १९९१ ला काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम आला, अख्ख्या जगाने विकत घेतला आणि तिथेच पाणी मुरलं. सुट्टीत येऊन पुतण्याने हे सलूनमध्ये सांगितलं. मास्तरांनी आयुष्यात मेटालिका ऐकलेलं नाही, म्हणाले, “पोरगं शहाणं दिसते.” मग पिंक फ्लॉइडची कथा निघाली. त्यांचा सिड बॅरेट १९६८ ला बँडमधून गेला, आणि काही लोक आजही १९६७ चा पहिला अल्बम सोडून बाकीचं मानतच नाहीत. १९७३ च्या ‘डार्क साइड ऑफ द मून’लासुद्धा नाही. “एकच अल्बम?” मास्तरांचा आवाज भरून आला. “ह्याले म्हन्तात निष्ठा.” १९६६ साली मँचेस्टरला बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला तेव्हा प्रेक्षकांतून कुणीतरी त्याला ‘ज्यूडास’ म्हणून हाक मारली, हेही सांगून झालं. ज्यूडास म्हणजे येशूला पकडून देणारा, असा खुलासा करावा लागला. सलूनवाला म्हणाला, गिटारीपायी एवढं?

या सगळ्यात ज्याला खरोखर कळतं तो माणूस बोलत नाही. बँडपथकातले काका, ट्रम्पेट वाजवतात. लग्नसराईत त्यांचे ओठ सुजलेले असतात, म्हणून मिशी कोरून घ्यायला येतात आणि मान मागे टाकून पडून राहतात. त्या दिवशी वाद फार चढला तेव्हा मास्तरांनीच त्यांना ओढलं. “काका, तुमीच सांगा. आधीचं की नंतरचं?”

काकांनी डोळे न उघडता सांगितलं, “आमच्यात तसं नसते. एक चालायची गानी, एक थांबायची.”

मग उठून बसले आणि समजावून सांगितलं. वरात मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंत न्यायची असते. देवाचं काही वाजवलं तर लोक चपला आवरून भराभर चालतात. ‘कोंबडी पळाली’ला जरा रेंगाळतात, पण कोंबडीमागे का होईना, पुढे सरकतात. ‘वाजले की बारा’ला बायका घोळक्यात येतात, पाच मिनिटं जातात. “पन त्या ‘झिंगाट’नं मारलं आमाले. ते सुरू झालं का वरात जागची हालत नाही. संपवलं का पुन्हा लाव म्हन्तात. पुन्हा संपवलं का नवरदेवाचा मामा नोट दाखवते. तिकडं भटजी मुहूर्त निघून गेला म्हून बोंबलून राह्यला, आन् आमाले संध्याकाळी मालेगावात दुसरी वरात. सांगा, सैराट आल्यापासून एक तरी लगन वेळेवर लागलं काय?”

पुतण्या विजयी मुद्रेने मास्तरांकडे बघायला लागला. म्हणजे गाणं थांबवतं, हेच तर त्याचं म्हणणं! मास्तर म्हणाले, चालवतं ते खरं गाणं, पंढरीची वारी चालतेच ना. काका दोघांनाही म्हणाले, “चालतंय काय आन् थांबतंय काय, आता डीजेवाला आला. त्याले दम लागत नाही.” आणि मान पुन्हा मागे टाकली. यावर मात्र दोघेही गप्प झाले. डीजेच्या विरोधात गावात सर्वपक्षीय एकमत आहे. फक्त स्वतःच्या घरचं लग्न वगळून.

भांडण रोजचंच व्हायला लागलं तेव्हा सलूनवाल्याने वेळापत्रक केलं. आमच्या गावाला तो उपाय ठाऊक आहेच. सकाळी दहापर्यंत मास्तर. दुपारी आनंद शिंदे. त्यावर अपील नाही. पाचनंतर पुतण्या आणि त्याची मित्रमंडळी. ‘नटरंग’ दोघांनाही लावता येईल, पण ‘खेळ मांडला’ चालू असताना वस्तऱ्याचं काम करायचं नाही, ही अट सलूनवाल्याची. त्या गाण्याला मास्तर मान हलवतात.

राहिला रविवार. त्या दिवशी गिऱ्हाइकांची रीघ लागते, म्हणजे ऐकणारे कान जास्त. मास्तर म्हणतात शाळा बंद, दिवस माझा. पुतण्या म्हणतो माझीही सुट्टीच आहे. दोघांनी मिळून मला पंच नेमलंय. मी पुढची तारीख दिली आहे, सोयाबीन निघाल्यावरची.